गोधडीवर नाव कोणाचे?

भांड्यावर नाव घालणे म्हणजे काय, हे भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पितळी भांड्यांसाठी आपल्या शहराची ख्याती जुनी आहे. लग्नाच्या आहेरासाठी गुंड घ्या, परात घ्या की साधा गडवा घ्या, दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "नाव काय घालायचे?" मग देणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरली जाते. ते भांडे पुढे चाळीस वर्षे जी बाई घासते, तिचे नाव मात्र त्यावर क्वचितच असते. आमच्या घरातली भांड्यांची फळी मी एकदा केवळ नावे वाचण्यासाठी धुंडाळली. आजोबा, मामा, चुलतमामा, आजोबांचे कचेरीतले स्नेही, असे सगळे तेथे हजर होते. आजीचे नाव एकाही भांड्यावर सापडले नाही.

आपल्या भाषेत नावाचे वाक्प्रचार तरी किती! मुलाने बापाचे नाव काढावे, घराण्याचे नाव राखावे, लोकांना नावे ठेवायला जागा देऊ नये. बाईच्या वाट्याला यातले एकच ठळकपणे येते. तिने नाव 'घ्यायचे', आणि तेही उखाण्यात, नवऱ्याचे.

हे सारे मनात येण्याचे कारण आमच्या मंडळीत यंदा निघालेला एक विषय. 'मंडळी' हा शब्द आम्ही ख्रिस्ती माणसे एका उपासनामंदिराशी बांधलेल्या सर्व कुटुंबांसाठी वापरतो. आमची मंडळी लहान, चाळीसएक घरांची. तिच्या महिला मंडळाने सह्यांची गोधडी करायचे ठरवले. मंडळातल्या एका काकूंच्या मुलीने परदेशात एका चर्चमध्ये अशी गोधडी पाहिली होती. कल्पना सोपी आहे. प्रत्येक घराने कापडाचा एक चौकोन घ्यायचा, त्यावर आपले नाव लिहायचे किंवा भरायचे, आणि सगळे चौकोन जोडून सर्वांनी मिळून एक गोधडी शिवायची.

इथपर्यंत सर्वांचे एकमत होते. पुढे उपासनामंदिराच्या छपराचा प्रश्न निघाला. कवेलू फुटले आहेत, पावसाळ्यात बाके सरकवावी लागतात. तेव्हा कारभार पाहणाऱ्या समितीने सुचवले की, चौकोनाला पाचशे रुपये ठेवावेत. जो पाच हजार देईल त्याचे नाव मधल्या मोठ्या चौकोनात यावे. आणि अक्षर सारखे दिसावे म्हणून सर्व नावे छापखान्यातून कापडावर छापून आणावीत. बायकांनी फक्त जोडकाम करावे. सूचना सद्हेतूने केलेली आहे, यात मला शंका नाही. छप्पर गळते, हेही खरे आहे. तरीही या तिन्ही गोष्टींना माझा विरोध आहे, आणि तो का आहे हे या पानांतून मांडावेसे वाटते. कारण हा प्रश्न एका मंडळीपुरता नाही. जेथे जेथे अनेक हातांनी एक वस्तू उभी राहते, तेथे तेथे तो येतो.

प्रथम समितीची बाजू पाहू. नावासाठी पैसे घेण्याची रीत या गोधडीच्या इतिहासातच आहे. अमेरिकेत १८४० च्या सुमारास सह्यांच्या गोधड्यांची लाट आली. कापडाला न खाणारी आणि धुण्यात न जाणारी शाई त्याच सुमारास सहज मिळू लागली, हे त्याचे एक कारण. त्याआधीच्या लोहयुक्त शाया काही वर्षांत कापड जाळून टाकीत, आणि नावाच्या जागी भोके उरत. दुसरे कारण स्थलांतराचे. कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिमेकडे निघाली होती. पुन्हा भेट होईल याची शाश्वती नसे. म्हणून शेजारणी आपापल्या नावाचा चौकोन करून देत, आणि जाणारी ती गोधडी गाडीत घालून नेई. पाळकाची बदली झाली म्हणजे मंडळीतल्या स्त्रिया त्यालाही अशी गोधडी देत. या गोधड्यांना 'मैत्रीची गोधडी' असेच नाव पडले. तिच्यात पैशाचा संबंध नव्हता.

पैसा पुढे आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चच्या बांधकामासाठी, मिशनच्या कामासाठी, दारूबंदीच्या चळवळीसाठी निधी हवा होता, आणि स्त्रियांच्या हातात स्वतःचा पैसा नव्हता. त्यांच्या हातात सुई होती. त्यांनी नावामागे दहा सेंट असा काही दर ठेवला, लोकांची नावे लाल दोऱ्याने भरली आणि निधी उभा केला. लाल दोरा अशासाठी की तुर्की लाल हा रंग धुण्यात उतरत नसे. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१७ मध्ये, 'मॉडर्न प्रिसिला' या अमेरिकन मासिकाने रेड क्रॉससाठी अशीच योजना छापली होती. एका गोधडीवर नावे घेऊन एक हजार डॉलर जमवायचे, अशी ती योजना. तेव्हा आमच्या समितीने काही जगावेगळे सुचवले आहे, असे म्हणता येणार नाही.

पण यात एक फरक आहे, आणि तो बारकाईने पाहिला पाहिजे. त्या स्त्रियांनी दर स्वतः ठरवला होता, जमलेला पैसा कोठे जावा हेही त्यांच्याच संघटना ठरवीत, आणि नावे त्यांच्याच हातांनी भरली जात. आमच्याकडे दर ठरवणारे वेगळे, नावे छापणारे वेगळे, आणि उरलेली शिवण तेवढी बायकांची. शिवाय अशा विकलेल्या गोधड्यांत एक दोष जन्मतः येतो. जो पैसे देतो त्याचे नाव येते. जी सहा महिने वाकून टाके घालते, तिचे नाव तिने पैसे दिले नसतील तर येत नाही. आहेराच्या परातीची गोष्ट येथेही घडते.

नाव नुसते नाव म्हणून किती मोलाचे असू शकते, याचे उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. तेथल्या युरोपीय स्त्रिया आणि मुले चांगीच्या तुरुंगात कोंडली गेली. पुरुष दुसरीकडे. कोणाचा नवरा जिवंत आहे, कोणाचा नाही, हे कळायला मार्ग नव्हता. इथेल मलव्हेनी या कॅनडाच्या बाईंनी युक्ती काढली. तुरुंगातल्या बायकांना सहा सहा इंचांचे कापडाचे तुकडे वाटले, आणि प्रत्येकीने त्यावर आपले नाव आणि आपले असे काहीतरी भरावे, असे सांगितले. सहासष्ट चौकोनांची एक, अशा तीन गोधड्या तयार झाल्या. एक ब्रिटिशांसाठी, एक ऑस्ट्रेलियनांसाठी आणि एक जपानी जखमींसाठी. या तिसऱ्या गोधडीमुळे पहारेकऱ्यांनी बाकीच्या दोन पुढे जाऊ दिल्या. रुग्णालयाच्या नावाखाली त्या पुरुषांच्या छावणीकडे गेल्या, आणि चौकोनावर बायकोचे नाव दिसले म्हणजे ती हयात आहे, एवढे नवऱ्याला कळू शकले. त्या गोधड्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. तेथे एखादीजवळ द्यायला पैसे नाहीत म्हणून तिचा चौकोन वगळला असता, तर त्या गोधडीला काय अर्थ उरला असता?

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात पवनीला जगन्नाथ टेकडी आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते काम पाहिले. दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप तेथे निघाला, आणि त्याच्या दगडी कठड्याच्या भागांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे मिळाली. सांचीच्या कठड्यांवर तर असे शेकडो लेख आहेत. एकेक खांब, एकेक आडवी शिळा एकेकाने दिली आणि तिच्यावर त्याचे नाव कोरले गेले. सांचीच्या त्या नावांत स्त्रियांची नावे पुष्कळ आहेत. काही 'अमक्याची आई' अशी आहेत, पण कित्येकींची स्वतःची आहेत, भिक्षुणींचीही आहेत. सर्वांचे चौकोन जोडून एक गोधडी व्हावी तसा तो कठडा सर्वांच्या दगडांनी पुरा झाला.

आता कोणी म्हणेल, "मग तेथेही नाव दानामुळेच आले ना? तुमचे म्हणणे तुमच्याच उदाहरणाने पडले." आक्षेप योग्य आहे. पण त्या कठड्याचा नियम नीट लावून पाहू. तेथे ज्याने जे दिले, त्या वस्तूवरच त्याचे नाव आले. गोधडीत दिले काय जाते? कापड आणि टाका. वेळ आणि डोळे. कवेलूंसाठी जो पैसे देईल त्याचे नाव कवेलूंच्या हिशेबात यावे. हवे तर भिंतीवर फरशी बसवून लिहावे. गोधडीवर मात्र गोधडी देणारीचे नाव हवे. पवनीच्या न्यायाने पाहिले तरी आमच्या गोधडीच्या दानशूर त्या शिवणाऱ्या बायकाच ठरतात.

याच बौद्ध परंपरेतली आणखी एक गोष्ट मला धानाच्या या जिल्ह्यात राहून नेहमी आठवते. विनयपिटकात अशी कथा आहे की, मगधातली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला भिक्षूंची चीवरे तशाच जोडणीची करायला सांगितली, आणि आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर केले. धानाच्या बांध्या आणि मधले धुरे आपण रोज पाहतो. बांधी लहान असो की मोठी, पाणी एकीतून दुसरीत उतरते आणि सगळ्यांत पीक उभे राहते. मोठ्या बांधीला मध्यभागी मानाची जागा कोणी देत नाही. मंडळीच्या गोधडीतही मधला मोठा चौकोन कशासाठी असावा, हे मला समजत नाही. ख्रिस्ती माणसाला तर याचे उत्तर शुभवर्तमानातच मिळते. दानपेटीत धनवानांनी पुष्कळ टाकले आणि एका गरीब विधवेने आपल्याजवळची दमडी टाकली. सर्वांत जास्त कोणी दिले, हे येशूने तेथेच सांगितले आहे. त्या विधवेला आमच्या गोधडीत चौकोन मिळाला नसता.

दुसरा आक्षेप बायकांकडूनच आला. "आपल्या गोधडीवर कधी कोणी नाव लिहिले का? कापडच ओळख सांगते." हे म्हणणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपली घरची गोधडी, वाकळ, खरोखरच निनावी असते. जुन्या लुगड्याचे धडपे, धोतराचे पान, मुलांच्या फाटलेल्या झबल्यांचे तुकडे एकावर एक अंथरून कडेपासून आत धावदोरा घालीत जायचे. हा तुकडा आईच्या लुगड्याचा, हा काकांच्या सदऱ्याचा, ही पवनीच्या जुन्या पातळाची रेशीमकाठाची पट्टी, असे गोधडी पांघरणाऱ्या मुलाला तोंडपाठ असते. बायबलात यापो गावच्या टबीथेची गोष्ट आहे. तिलाच दुर्कस म्हणत. ती वारली तेव्हा गावच्या विधवा रडत आल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी पेत्राला दाखवली. तिची सही त्या कपड्यांतच होती.

हे सारे खरे आहे, पण ते दाखवणाऱ्या विधवा जिवंत होत्या तोवरच. कापड ओळख सांगते ती ओळखणाऱ्याला. माझ्या घरी एक जुनी गोधडी आहे. तिच्यात निळ्या चौकड्यांचा एक मोठा तुकडा आहे. तो कोणाच्या अंगावरचा, हे सांगणारे आता घरात कोणी उरले नाही. टबीथेचे नाव आपल्याला माहीत आहे, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले. तिचे अंगरखे केव्हाच विरून गेले. आमच्या लहानशा मंडळीतली तरुण मुले नागपूरला, पुण्याला जाऊ लागली आहेत. ओळखणारे डोळे दरवर्षी कमी होत आहेत. अशा वेळी नाव लिहिलेच पाहिजे, आणि ते जिचे तिचे लिहिले पाहिजे. 'सौ. अमुक' एवढ्याने भागणार नाही. तिला लहानपणी आईने ज्या नावाने हाक मारली, ते नाव हवे.

राहिला प्रश्न छापण्याचा. छापील अक्षर सुबक दिसेल, हे मी नाकारत नाही. पण सही म्हणजे सुबक अक्षर नव्हे. वेडेवाकडे असले तरी ते त्या हाताचे असते, म्हणूनच बँकेतही ते चालते. आपल्या महाविद्यालयांतली मुले निरोपाच्या दिवशी पांढऱ्या सदऱ्यावर मित्रांच्या सह्या घेतात. त्याऐवजी वर्गाची यादी छापून कोणी सदऱ्यावर चिकटवली, तर तो सदरा कोण जपून ठेवील? (त्या सह्या पहिल्याच धुण्यात फिकट होतात, हा भाग वेगळा. ज्यांना त्या टिकवायच्या असतील त्यांनी अक्षरांवरून दोरा फिरवून घ्यावा.)

आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे काय, असाही प्रश्न बैठकीत आला. समितीला वाटले, छपाईचा हा सर्वांत मोठा फायदा. त्यावर मागच्या बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, "मले लिवता येत नाही, बाई. पन सुई येते." माझ्या मते साऱ्या वादाचा निकाल या एका वाक्यात लागला होता. नातीने पेन्सिलीने नाव लिहून द्यावे, आणि आजीने त्या रेघेवरून आपल्या हाताने टाका घालावा. ज्या बाईने आयुष्यभर कागदावर अंगठा उठवला, तिची ही पहिली सही असेल. ती शाईने केलेली नसेल, इतकेच. छापखान्यातून नाव आणले तर तिची ही एकमेव संधीही आपण काढून घेऊ.

नुसता विरोध करून थांबणे बरे नाही, म्हणून माझी सूचना येथे मांडते. चौकोन दहा इंचांचा धरावा, शिवणीसाठी चारी बाजूंनी अर्धा इंच सोडावा. सहा चौकोन आडवे, नऊ उभे, असे चौपन्न चौकोन घेतले म्हणजे पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब गोधडी होते. कापड सुती, एकदा धुऊन आटवलेले घ्यावे. प्रत्येक घराला एक चौकोन. त्यात घरातल्या सर्वांची नावे, लहान मुलांसकट, ज्याची त्याने लिहिलेली. अक्षरांवर उलटी टीप घालावी किंवा साखळी टाका. धावदोऱ्यात अक्षर तुटक दिसते. दोरा पक्क्या रंगाचा असावा. आधी पांढऱ्या चिंधीवर भरून, धुऊन पाहावा. सगळे चौकोन एकाच मापाचे असावेत. चाळीस घरांनंतर जे चौदाएक चौकोन उरतील ते गाव सोडून गेलेल्यांसाठी, अलीकडे वारलेल्यांसाठी आणि दर शनिवारी मंदिर झाडून ठेवणाऱ्या मावशींसाठी असावेत. त्या आमच्या मंडळीच्या नाहीत, पण त्यांच्याइतके त्या इमारतीला कोणीच ओळखत नाही. छपरासाठी वेगळी पेटी ठेवावी आणि तिचा हिशेब वेगळा वाचून दाखवावा. मी माझा वाटा तेथे टाकीन.

ही गोधडी काचेत लावू नये, असेही माझे मत आहे. विकलेले नाव भिंतीवर टांगावे लागते, कारण पैसे देणाऱ्याला ते दिसले पाहिजे. आपण दिलेले नाव पांघरता येते. वैनगंगेच्या काठी पौषात थंडी चांगलीच पडते. ज्या घरी नवे मूल आले असेल, ज्या घरी कोणी अंथरुणाला खिळले असेल, त्या घरी ती हिवाळ्यात जावी. काही वर्षांनी विरेल, तेव्हा तिच्यावर पुन्हा टाके घालता येतील. जुन्या गोधडीला नवे अस्तर लावणे आपल्या बायकांना शिकवावे लागत नाही.

आमच्या चर्चने जोडणीचा अनुभव पूर्वी घेतलेला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या चर्चसंघटना एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. कोणाची उपासनापद्धती वेगळी, कोणाची बाप्तिस्म्याची रीत वेगळी. त्या सहांपैकी काही मोठ्या होत्या, काही अगदी लहान. मोठ्यांनी जास्त सभासद आणले म्हणून लहानांना काठावर बसवले असते, तर ते ऐक्य झाले नसते. ज्यांनी चर्चे जोडली त्यांच्या वारसांना चौपन्न चौकोन जोडणे अवघड जाऊ नये.

आमच्या समितीची पुढची बैठक अजून व्हायची आहे. तेथे माझे मत एकच असेल आणि कदाचित ते पडेलही. पण या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळ जण उद्या कोठल्या ना कोठल्या समितीवर बसतील. शाळेच्या, विहाराच्या, देवळाच्या, वाचनालयाच्या. तेथे अनेकांच्या श्रमाची एखादी वस्तू तयार होईल आणि तिच्यावर नाव कोणाचे घालायचे, हा प्रश्न निघेल. तेव्हा पावतीपुस्तक उघडण्यापूर्वी, ती वस्तू ज्यांच्या हातांनी झाली त्यांची यादी आधी करावी, एवढीच विनंती आहे.